पोपटांची अकरा भांडणे आणि एका कासवाचे ऊन

ही गोष्ट मी गेल्या डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी साधारण सव्वादहाच्या सुमारास, पशुपक्ष्यांच्या एका दवाखान्यातील बाकावर ऐकली. सांगणाऱ्या कुमुदिनी तांबवेकर या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या मांडीवर पिंजरा होता, पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी होती आणि जोडीच्या मधोमध पुठ्ठ्याची भिंत होती. गोष्ट खरे तर समोर ससा घेऊन बसलेल्या दोन मुलींसाठी होती. मी केवळ शेजारी होतो. त्यामुळे पुढे येणारे 'मुलांनो' हे संबोधन माझे नाही, बाईंचे आहे. टिपण मी त्याच दिवशी दुपारी केले. जेथे नेमका शब्द आठवला नाही तेथे साधा शब्द योजला आहे. जाणूनबुजून भर घातलेली नाही.

मुलांनो, एका जंगलात प्राण्यांना प्राणी पाळण्याची हौस होती.

हत्तीने ससा पाळला होता. कोल्हिणीने सरडा पाळला होता. वाघाने काय पाळले होते ते विचारू नका; ते दर आठवड्याला बदलत असे.

पूर्वेकडच्या टेकडीवर एका गुहेत जनाक्का नावाची अस्वलीण राहत असे. मनाने फार चांगली. तिच्या घरी सदोबा नावाचे कासव होते आणि राघोबा नावाचा पोपट होता. एक बेडूकही होता. तो पावसाळ्यात निघून गेला आणि तो गेल्याचे थंडीत लक्षात आले.

सदोबा सर्वांत जुना. त्याला त्या घरात बारा वर्षे झाली होती. बारा वर्षांत त्याने काही सांडले नव्हते, काही फोडले नव्हते आणि तो कुणाला एक शब्द उलट बोलला नव्हता. कुणी वाटेत उभे असले तर तो थांबत असे. ते बाजूला झाले की 'आभारी आहे' म्हणून पुढे जात असे.

त्याला आयुष्यात एकच वस्तू लागत असे. गुहेच्या तोंडाशी एक सपाट काळा दगड होता. थंडीच्या दिवसांत सूर्य उगवला की पहिले ऊन त्या दगडावर पडे. सदोबा त्यावर चढून बसे. दुपारपर्यंत त्याचे अंग तापे, मग पाय हलू लागत, मग तोंड उघडे, मग तो पाला खाई. कासवाचे शरीर असेच असते, मुलांनो. ऊन मिळाले नाही तर त्याला भूक लागत नाही, आणि खाल्लेले पचत नाही. सारी थंडी असे गेले तर कासव वसंत पाहत नाही. हे सदोबाला ठाऊक होते. इतरांना ठाऊक असेल असे त्याने गृहीत धरले होते.

एके दिवशी शेजारची कोल्हीण सरूबाई बसायला आली.

"अगं जने, तुझा पोपट एकटा आहे. एकटा पोपट आतून खचतो."

"हा तर दिवसभर गातो," जनाक्का म्हणाली.

"तेच तर. खचलेले पोपट गातात. माझ्या सरड्याचंही तसंच झालं होतं."

"तुझा सरडाही गायचा?"

"नाही. तो गप्प असायचा. पण कारण तेच."

जनाक्काच्या मनाला लागले. दुसऱ्याच दिवशी तिने एक तरणा पोपट आणला. त्याचे नाव लिंबाजी. तिने राघोबाच्या पिंजऱ्याचे दार उघडले, लिंबाजीला आत ठेवले आणि दोघांकडे कौतुकाने पाहत म्हणाली, "घ्या, आता बोला एकमेकांशी."

राघोबा त्या पिंजऱ्यात पाच वर्षे एकटा राहत होता. वरची दांडी त्याची होती. आरसा त्याचा होता. त्याने पाहुण्याला पुरता एक श्वास घेऊ दिला आणि मग त्याच्या पायाचे बोट चावले.

मग जे झाले ते टेकडीच्या पलीकडे ऐकू गेले. पिसे उडाली. पाण्याची वाटी उलटली. जनाक्का दोन पायांवर उभी राहून "अरे, असं करतात का शहाणी बाळं?" असे विचारत राहिली. सदोबाने डोके आत घेतले. ओरडणे संपल्यावर बाहेर काढले. तेवढ्यात जनाक्काची नजर त्याच्याकडे गेली.

"बघा, बघा आपल्या सदोबाकडे," ती पोपटांना म्हणाली. "बारा वर्षांत आवाज म्हणून नाही."

सदोबाला बरे वाटले. ही त्याची चूक होती, पण ती त्याला फार उशिरा कळली.

तिसऱ्या दिवशी जनाक्काने बगळेसरांना बोलावले.

बगळेसर वर्तनाचे जाणकार होते. तळ्याच्या काठी एका पायावर उभे राहून त्यांनी सहा वर्षे वर्तनाचा अभ्यास केला होता, मुख्यतः माशांच्या. त्यांच्याजवळ भूर्जपत्राची वही असे. आधी ते वहीत पाहत आणि मग प्राण्याकडे.

"एकदम एका पिंजऱ्यात घालायला नको होतं," ते म्हणाले.

"माझं चुकलंच, सर."

"दोन पिंजरे करा. शेजारी शेजारी, मध्ये वीतभर अंतर. एकमेकांना पाहू देत, पण चोच पोचता कामा नये. दोघांना स्वतंत्र वाटी, स्वतंत्र दांडी. कुणाचीही दांडी दुसऱ्यापेक्षा उंच नको."

इथपर्यंत, मुलांनो, बगळेसरांचे सर्व काही बरोबर होते. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढे आपण त्यांच्याविषयी फार चांगले बोलणार नाही.

"आणि पिंजरे उजेडात हवेत," बगळेसर पुढे म्हणाले. "अंधारात पोपट चिडचिडे होतात. तो काळा दगड आहे ना, तिथे ठेवा."

जनाक्का घुटमळली. "तिथे सदोबा बसतो, सर."

"त्याची काही तक्रार?"

"छे. तो कधीच तक्रार करत नाही."

"मग झालं तर," बगळेसर म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिले: *कासव. तक्रार नाही.*

जाताना त्यांनी शेवटचा नियम सांगितला. भांडणाला रागावायचे नाही, कारण रागावणे हेही लक्ष देणेच असते. भांडण थांबले, की त्याच क्षणी शाबासकी द्यायची आणि पेरूची एक फोड द्यायची. पोपटाला कळले पाहिजे, की थांबण्यात फायदा आहे.

"थांबले रे थांबले, की फोड. उशीर नको."

जनाक्काने हे तीन वेळा म्हणून पाठ केले.

दगडावर दोन पिंजरे आले. दगड भरला. सदोबा गुहेत मागच्या कोपऱ्यात गेला. तेथे ओल होती. चार दिवस त्याने वाट पाहिली. पाहुणे आले की थोडी गैरसोय व्हायचीच, असे तो स्वतःला सांगत राहिला. पाचव्या दिवशी त्याने बोलायचे ठरवले. वाक्य मनात दोनदा घोळवले, त्यातला 'मला' हा शब्द जरा पुढे वाटला म्हणून मागे घेतला, आणि मग तो जनाक्काजवळ गेला.

"आक्का, सवड असेल तर, थोडं ऊन मिळालं असतं तर बरं झालं असतं. मला."

जनाक्का पेरू चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवरून मायेने पंजा फिरवला.

"सदोबा, तू नसतास तर या घराचं काय झालं असतं रे. या दोघांनी नुसता जीव खाल्लाय. तूच एक समजूतदार. थोडं सांभाळून घे, हं?"

"हो, आक्का," सदोबा म्हणाला. दुसरे काय म्हणणार? समजूतदार म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही.

मागच्या कोपऱ्यात पडून राहणाऱ्याला पुष्कळ दिसते. सदोबाला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली.

पहिल्या आठवड्यात पोपट खरोखर भांडत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांची ओळख झाली. तिसऱ्या आठवड्यात जनाक्का मध गोळा करायला बाहेर पडली, की दोघे गजांजवळ येऊन बसत आणि राघोबा लिंबाजीला शिट्ट्या शिकवी. लिंबाजी त्याला पायाचे बोट दाखवून म्हणे, "काय चावला होतास रे त्या दिवशी," आणि दोघे हसत. मग उतारावर जनाक्काची पावले वाजत.

"आली," लिंबाजी म्हणे. "आज आधी कोण?"

"सकाळी मी ओरडलो होतो. आता तू."

"माझा घसा बसलाय."

"मग गजांवर पंख आपट. मी शिव्या देतो."

जनाक्का दारात पाऊल टाकी आणि कल्लोळ सुरू होई. ती शिकवल्याप्रमाणे तोंड फिरवून उभी राही. काही वेळाने दोघे एकाच क्षणी गप्प होत. जनाक्का धावत जाई, "शाब्बास, माझी गुणी बाळं," म्हणे आणि दोघांना एकेक फोड देई.

सदोबाने एके दुपारी धीर करून विचारले, "राघोबा, तुम्ही मित्र आहात ना?"

"फार चांगले."

"मग भांडता का?"

राघोबाने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले. लहान मुलाने सूर्य कुठे जातो असे विचारल्यावर पाहावे तसे.

"भांडण थांबवल्याबद्दल पेरू मिळतो. नसलेलं भांडण थांबवणार कसं?"

"पण न भांडणंच चांगलं, नाही का?"

"असेल. तू बारा वर्षं भांडला नाहीस. किती फोडी मिळाल्या?"

सदोबाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "एक. पण ती खाली पडली होती."

"तू काही सुरूच केलं नाहीस, सदोबा. म्हणून तुला काही थांबवता आलं नाही," लिंबाजी म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरेच वाईट वाटत होते.

"मला पेरू नको. मला दगड हवा आहे. थंडी वाढतेय. माझे मागचे पाय सकाळी हलत नाहीत."

दोन्ही पोपटांनी त्याच्या पायांकडे पाहिले. मग राघोबा म्हणाला, "आम्ही काय करणार? आम्ही पिंजऱ्यात आहोत. सरांना सांग."

महिना पुरा झाल्यावर बगळेसर आले. सदोबा सकाळीच निघाला होता, म्हणून तो वेळेवर त्यांच्यापाशी पोचला. त्याने त्यांना सर्व हकिकत क्रमाने सांगितली. पावले वाजण्यापासून फोडी मिळण्यापर्यंत. बगळेसरांनी ती शेवटपर्यंत ऐकली. ते सभ्य होते.

"असं आहे, सदोबा," ते म्हणाले. "हे तुझं मत झालं. आपण नोंदी पाहू." त्यांनी वही उघडली. "महिन्यापूर्वी दिवसाला किती भांडणं थांबत होती? दोन. आता किती थांबतात? अकरा. आणि अकरापैकी न थांबलेली किती? एकही नाही."

"पण सर, ती सुरूही अकरा होतात."

"सुरू होण्याचा रकाना आपल्याकडे नाही."

जनाक्काचे डोळे भरून आले. "अकरा," ती म्हणाली. "माझ्या घरात."

"आणि तुझ्याविषयीही लिहिलंय हं," बगळेसर सदोबाला म्हणाले. त्यांनी वाचून दाखवले: *कासव. शांत. लक्ष देण्याची गरज नाही.* मग त्यांनी एक मोठे सागाचे पान मागवले, त्यावर चोचीने 'आदर्श सहनिवासी' असे कोरले आणि ते वेलीने सदोबाच्या पाठीवर बांधले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सदोबाने आभार मानले. मागच्या कोपऱ्यात छताच्या फटीतून दुपारी बोटभर ऊन येत असे. ते आता पानावर पडू लागले.

थंडी वाढली. सदोबाचे तोंड नीट उघडेना. पहिल्या दिवशी त्याने पाला अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशी सगळा टाकला. तिसऱ्या दिवशी जनाक्का कोपऱ्यात डोकावली.

"पान मिळाल्यापासून अजूनच शांत झालाय," ती कौतुकाने म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवशी सदोबाने हिशोब केला. पौष अजून जायचा होता. त्याच्या अंगात फार तर आठ दिवसांची ताकद होती. त्याला मरणाचे दुःख होते, पण त्याहून एका गोष्टीचे अधिक होते. आपण गेलो की आपले वर्णन 'शेवटपर्यंत शांत होता' असे होईल, हे त्याला स्पष्ट दिसत होते.

पुढच्या मंगळवारी जनाक्काच्या घरी पाहणी होती. अकरा भांडणांची कीर्ती जंगलभर झाली होती. हत्ती आला. सरूबाई आली. ससे, हरणे, माकडे आली. बगळेसर काळ्या दगडाशेजारी नेहमीप्रमाणे एक पाय पोटाशी घेऊन उभे राहिले आणि बोलू लागले.

सदोबा पहाटे कोपऱ्यातून निघाला होता. त्याला फक्त दगडाच्या कडेला जायचे होते. पिंजऱ्यांच्या सावलीबाहेर चार बोटे जागा असेल, अशी त्याची आशा होती. तो पोचला तेव्हा त्या चार बोटांवर बगळेसरांचा पाय होता.

सदोबा थांबला. बारा वर्षे तो असाच थांबत आला होता. कुणी बाजूला होईल म्हणून त्याने वाट पाहिली.

"घर म्हणजे काय?" बगळेसर वर बोलत होते. "घर म्हणजे जिथे प्रत्येकाच्या गरजेकडे—"

सदोबाने तोंड उघडले. तीन दिवसांत ते प्रथमच उघडले. आणि त्याने तो पाय धरला.

कासव धरते तेव्हा सोडत नाही, मुलांनो. बगळेसरांनी किंकाळी फोडली. दुसरा पाय खाली टेकला. पंख फडफडवले. वही उडून हत्तीच्या सोंडेवर पडली. सदोबा तसाच. डोळे मिटून.

"सदोबा?" जनाक्का म्हणाली. जणू घरात कुणी अनोळखी शिरले होते. "आपला सदोबा?"

"ओढा त्याला," बगळेसर म्हणाले. माकडांनी ओढले. बगळेसरही ओढले गेले. "ओढू नका," ते म्हणाले. "त्याला काय हवं ते द्या."

"काय हवंय रे तुला?" जनाक्काने विचारले. सदोबाच्या तोंडात पाय असल्यामुळे त्याला उत्तर देता येईना. बारा वर्षांत प्रथमच सगळे त्याचे म्हणणे ऐकायला थांबले होते.

"बालपणीचं काहीतरी असणार," हत्ती म्हणाला.

"एकटा आहे तो," सरूबाई म्हणाली. "दुसरं कासव आण, जने."

"पान मोठं हवं असेल," एक ससा म्हणाला.

तेव्हा राघोबाने गजांतून चोच बाहेर काढली. "त्याला ऊन हवंय. आमचे पिंजरे उचला."

"उचलून ठेवू कुठे?"

"त्या उंबराच्या मुळीला टांगा," लिंबाजी म्हणाला. "तिथेही ऊन असतं. आम्हाला रोज दिसतं."

सर्वांनी वळून पाहिले. गुहेच्या कडेला उंबराची जाड मुळी होती आणि तिच्यावर लख्ख ऊन पडले होते. ते तेथे रोजच पडत असे. पाहण्याचे कुणाला कारण पडले नव्हते.

जनाक्काने पिंजरे उचलून टांगले. दगड मोकळा झाला. ऊन सदोबाच्या मानेवर आले, मग पाठीवर. सरूबाईने पान काढून घेतले. सदोबाने सावकाश तोंड उघडले आणि पाय सोडला.

त्याच क्षणी, जराही उशीर न करता, जनाक्का धावली. "शाब्बास, माझं गुणी बाळ," ती म्हणाली आणि तिने त्याच्या तोंडात पेरूची फोड घातली.

बगळेसरांनी लंगडत वही उचलली. त्यांनी नवे पान घेतले. *कासव. चावणे: एक. थांबले: एक.* ते थोडे सावरले. उपाय लागू पडत होता.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण चार दिवसांनी बगळेसरांचा निरोप आला: कासवाचे लक्षण गेले आहे, तरी घर पूर्ववत करावे. जनाक्काने पिंजरे पुन्हा दगडावर ठेवले. सदोबा दुपारपर्यंत शांतपणे थांबला. मग त्याने जनाक्काच्या अंगठ्याकडे पाहिले.

"पुढच्या पायाचा धर," लिंबाजी वरून हळूच म्हणाला. "मागच्याला केस फार आहेत."

त्या हिवाळ्यात त्या घरातले वेळापत्रक ठरून गेले. सकाळी राघोबा, दुपारी लिंबाजी, आणि पिंजरे दगडावर आले की सदोबा. पोपटांनी आठवड्यातले आपले दोन दिवस त्याला देऊ केले. ते उदार होते. सदोबाने वसंत पाहिला. जनाक्का येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत असे, "पूर्वी तो नुसता पडून असायचा. आता काय सुधारलाय म्हणून सांगू."

गोष्ट संपली तेव्हा बाईंचा क्रमांक पुकारला गेला होता. एका मुलीने मात्र विचारले, की चावण्याआधी सदोबा काही म्हणाला का. बाई पिंजरा उचलत म्हणाल्या, "म्हणाला ना. 'क्षमा करा' म्हणाला." मी टिपणात तसे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. बगळेसर त्या वेळी बोलत होते. सदोबाचे तोंड तीन दिवस मिटलेले होते. पोपटांना काही ऐकू आल्याचा उल्लेख बाईंच्या सांगण्यात कोठेही नव्हता. त्या बाहेर येतील म्हणून मी पाऊण तास थांबलो. त्या दुसऱ्या दाराने गेल्या होत्या. एवढा भाग मला आजवर पडताळता आलेला नाही.

तात्पर्य: मुलांनी नेहमी शांत राहावे, तक्रार करू नये आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे, असे वागणाऱ्यास सागाचे पान मिळते. ज्यांना ऊन हवे आहे त्यांनी आधी क्षमा मागावी, मग चावावे, आणि पिंजरे उचलले गेल्याची खात्री होईपर्यंत सोडण्याची घाई करू नये.